नर्सबाईंचे घड्याळ

१२ मे हा दिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. १८२० साली याच दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म झाला. रुग्णालयांतून त्या दिवशी दिवे लावले जातात, शपथ घेतली जाते, चार चांगली भाषणे होतात. वाचकहो, या निमित्ताने मला तुमच्यापुढे अशा एका परिचारिकेचे आयुष्य ठेवायचे आहे, ज्यांचे नाव कोणत्याही व्यासपीठावरून घेतले गेले नाही. त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीनेच मी हे लिहीत आहे. मात्र नाव छापू नये, अशी खुद्द बाईंची इच्छा होती. ती पाळतो. एरवीही त्यांना नावाने हाक मारणारे फारच थोडे होते. गावासाठी त्या नर्सबाई होत्या, दोन मुलांची आई होत्या आणि उतारवयात तीन नातवंडांची आजी. मी त्यांना सिस्टर म्हणत असे.

त्यांच्या निधनानंतर गावाने शोकसभा भरवली. ‘त्यागमूर्ती’, ‘सेवेची देवता’, ‘साक्षात माउली’ असे शब्द एकामागून एक आले. बोलणाऱ्यांच्या भावना खऱ्या होत्या, याविषयी मला शंका नाही. तरीही ऐकताना मन अस्वस्थ होत राहिले. ही बाई अत्यंत कुशल होती, तिचे निरीक्षण भल्याभल्या डॉक्टरांनी शिकावे असे होते, असे कोणीच म्हणत नव्हते. देवता म्हटले की शिकण्याचा प्रश्न मिटतो. आणि देवतेला दम लागत नाही, तिचे पाय सुजत नाहीत, असेही आपण गृहीत धरतो. नर्सबाईंना दम लागत होता. तो किती काळ कोणाच्या लक्षात आला नाही, हे पुढे येईलच.

नर्सबाई

१९४६ साली, म्हणजे ज्या वर्षी बाईंचा जन्म झाला त्याच वर्षी, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. अखंड हिंदुस्थानात तेव्हा अवघ्या सुमारे ७ हजार परिचारिका होत्या. खेड्यातल्या बाळंतिणीच्या वाट्याला त्यांतली एकही येत नसे. स्वातंत्र्यानंतर ही उणीव भरून काढण्यासाठी सहायक परिचारिका-प्रसाविका तयार करण्याचे काम सुरू झाले. आज आपण ज्यांना ‘ए.एन.एम.’ किंवा ‘आरोग्य सेविका’ म्हणतो, त्या याच. सातवीची फायनल परीक्षा उत्तीर्ण झालेली, पाच भावंडांतली थोरली अशी ही मुलगी १९६४ साली त्या प्रशिक्षणाला गेली. घरातून विरोध झाला. परक्यांची घाण काढण्याचे काम कुलीन घरच्या मुलीने करू नये, असे मानणारा तो काळ होता. वडील मात्र एवढेच म्हणाले, की हाताला काम शिकून आलीस तर कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.

दोन वर्षांनी त्यांची नेमणूक कोयना खोऱ्यात झाली. पुरते दीड वर्षही झाले नसेल, तोच ११ डिसेंबर १९६७ ची पहाट उजाडली. कोयनानगरच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली आणि दगडमातीच्या भिंतींची हजारो घरे कोसळली. बाई तेव्हा एकवीस वर्षांच्या होत्या. धक्के सुरूच होते आणि लोक डिसेंबरच्या थंडीत उघड्यावर झोपत होते. त्या दिवसांत त्यांनी दोन बाळंतपणे उघड्यावर, कनातीच्या आडोशाने केली. “त्या रात्री मला एकच काळजी होती,” त्या सांगत, “बाळ गार पडता कामा नये. शेकोटीवर लुगड्याची फडकी गरम करायची, बाळाला कोरडं करायचं आणि आईच्या उराशी, अंगाला अंग लावून बांधायचं.” नवजात बाळाला आईच्या त्वचेच्या उबेत ठेवण्याची ही पद्धत पुढे वैद्यकीय पुस्तकांतून मानाने आली. बाईंनी ती शेकोटीच्या उजेडात अमलात आणली होती.

त्या काळी नाळ कापायला विळा किंवा मिळेल ते पाते वापरले जाई आणि नाळेला राख वा शेण लावले जाई. त्यातून होणाऱ्या धनुर्वाताने आठवड्याच्या आत बाळे जात. गावच्या सुईणीवर राग काढण्यात अर्थ नाही, हे बाईंनी लवकर ओळखले. त्या तिच्या शेजारी बसत, तिला मान देत आणि स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा व कोरडी नाळ हे पाच नियम तिच्याच हातून घोटवून घेत. पुढे गरोदर स्त्रियांना धनुर्वाताची लस मिळू लागली. २०१५ साली भारतातून माता व नवजात शिशूंच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी सर्वांत आधी त्या सुईणीची आठवण काढली.

देवीच्या मोहिमेत त्या वाडीवाडीवर हिंडल्या. देवीचा रोगी कळवणाऱ्यास १ हजार रुपये बक्षीस देण्याची घोषणा भिंतींवर रंगवलेली असायची, ती तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. १९७५ मध्ये देशातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण नोंदला गेला. नंतर हगवणीसाठी मीठ-साखरेचे पाणी आले. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन अपुरे पडल्यावर हे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले. तेथे ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांनीच केले होते. बाईंचाही भरवसा नातेवाइकांवरच असे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण त्या आयांकडून तीनतीनदा म्हणून घेत.

१९९६ साली मी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झालो, तेव्हा त्या पन्नाशीच्या होत्या. बढती मिळून आरोग्य सहायिका झाल्या होत्या. मनगटावर सेकंदकाट्याचे साधे घड्याळ. धापा टाकणारे मूल आले की त्या आधी त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ देत, अंगावरचे आंगडे वर करीत आणि घड्याळ समोर धरून पुरे एक मिनिट श्वास मोजत. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास किंवा अधिक, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा अधिक श्वास भरले, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, हा नियम माझ्या पुस्तकात होता. त्यांच्या बोटांत होता. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याचा सोपा मार्ग त्यांना मान्य नव्हता. “डॉक्टर, लहान मूल मध्येच थांबून श्वास घेतं. तेवढ्यात आपण चुकलो, तर हिशेब त्याचा चुकतो,” असे त्या म्हणत.

आई

नर्सबाईंचे यजमान एस.टी.त चालक होते. दोघांच्याही कामाच्या वेळा बेभरवशाच्या. मुलगी १९७० ची, मुलगा तिच्याहून चार वर्षांनी लहान. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोणी दाराशी उभे राहिले, की बाई निघत. मुले शेजारच्या काकूंकडे. शोकसभेतल्या भाषणांत हे सारे ‘त्याग’ या एका शब्दात बसवले गेले. मुलीने मात्र मला जे सांगितले, ते अधिक खरे आहे.

सहा वर्षांची असताना तिला गोवर झाला. गोवराची लस राष्ट्रीय कार्यक्रमात १९८५ मध्ये आली. त्याआधी घरोघरची मुले गोवरातून जात. तिला ताप चढलेला, डोळे चिकटलेले. त्याच रात्री पलीकडच्या वाडीतून बाळंतपणाचे बोलावणे आले. बाईंनी मुलीचे डोळे कोमट पाण्याने पुसले, श्वास मोजले, शेजारणीला काय पाहायचे ते सांगितले आणि त्या गेल्या. सकाळी परतल्या तेव्हा मुलीचा ताप उतरला होता. “मला काही झालं नाही,” मुलगी म्हणाली, “पण डॉक्टर, आई सगळ्या गावाची होती. आमच्या वाट्याला ती रात्री उरलेली यायची. हे मी तिला तिच्या साठीनंतर बोलले. ती रागावली नाही. म्हणाली, खरं आहे तुझं. मलाही ते टोचत आलंय.”

वाचकहो, आपल्या घरांत असे बोलणे क्वचितच होते. सेवा करणाऱ्या माणसाच्या मुलांनी तक्रार करायची नसते, असा एक अलिखित दंडक आहे. मायलेकींनी तो मोडला आणि त्यानंतर त्यांचे नाते अधिक मोकळे झाले, असे मी पाहिले. ज्यांच्या आईचे वा वडिलांचे आयुष्य इतरांच्या दुखण्याखुपण्यांत गेले, त्यांनी हा सल मनात ठेवून त्यांच्या म्हातारपणी शुश्रूषेला बसू नये. शक्य असेल तेव्हा तो बोलून घ्यावा. न बोललेला सल औषधाच्या वेळी आवाजात उतरतो.

आजी

२००४ मध्ये नर्सबाई निवृत्त झाल्या. मुलगी पुण्याला, मुलगा तालुक्याच्या गावी साखर कारखान्यात. त्या मुलाकडे राहू लागल्या. मीही तोवर नोकरी सोडून त्याच गावात दवाखाना थाटला होता. मुलांना जो वेळ देता आला नाही, तो त्यांनी नातवंडांवर मुक्तहस्ताने उधळला. शाळेचे डबे, परवचा, गोधडीतल्या गोष्टी आणि जोडीला थोडे वैद्यक. नातवाला घड्याळ वाचायला त्यांनी नाडी मोजून शिकवले. पल्स पोलिओच्या रविवारी त्या विनावेतन बूथवर बसत आणि नातवंडे शेजाऱ्यांच्या बाळांना घेऊन येत. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी नोंदला गेला.

त्याच वर्षी बाईंच्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणे अडखळू लागले. रुग्णालयातून घरी आणले त्या दिवसापासून घराचा एक कोपरा वॉर्ड झाला. दाराच्या मागे एक कागद चिकटवला गेला. औषधाचे नाव, कशासाठी, किती वाजता, दिल्याची खूण. त्याखाली कूस बदलल्याच्या वेळा. सहीच्या रकान्यात सुनेची, मुलाची आणि तेरा-चौदा वर्षांच्या नातवाचीही अक्षरे असत. “आजोबांना वळवायला ताकद लागते. हे काय फक्त बायकांचं काम आहे?” असे म्हणून त्यांनी नातवाला कुशीवर वळवण्याची रीत शिकवली. गावात काहींनी नाके मुरडली. मुलाला मात्र ते काम आवडू लागले, कारण ते नीट जमले की आजोबांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना त्याला दिसत असे.

पाच वर्षे ते अंथरुणाला होते. पाच वर्षांत एकही मोठी शय्याव्रण, ज्याला आपण बेडसोअर म्हणतो, झाली नाही. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही किती मोठी गोष्ट आहे, हे माझ्या व्यवसायातले सर्वजण जाणतात. ती प्रेमाने घडली असे म्हणणे अपुरे होईल. प्रेम अनेक घरांत असते. येथे प्रेमाला वेळापत्रक होते.

त्यांच्या घरातून आपण काय घ्यावे

नाइटिंगेल यांनी १८५९ साली ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे पुस्तक लिहिले, ते व्यावसायिक परिचारिकांसाठी नव्हते. घरात कोणाची ना कोणाची शुश्रूषा करणाऱ्या सामान्य स्त्रियांसाठी होते. त्याच विचाराने नर्सबाईंच्या काही पद्धती येथे देतो. त्या वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहेत आणि कोणत्याही घरात करता येण्याजोग्या आहेत.

• कूस बदलणे. हालचाल करू न शकणाऱ्या रुग्णाची स्थिती साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी. पूर्ण कुशीवर न टाकता पाठीमागे उशी लावून किंचित कललेले ठेवावे. गुडघ्यांच्या मध्ये मऊ उशी द्यावी, टाचा अधांतरी राहतील असा आधार पोटरीखाली द्यावा. रुग्णाला ओढू नये. दोघांनी मिळून चादरीसकट उचलावे.

• लाल डाग चोळू नये. बाईंच्या प्रशिक्षणात पाठीला स्पिरिट व पावडर लावून चोळायला शिकवले जाई. हाडावरच्या लालसर जागी चोळल्याने आतली नाजूक त्वचा अधिक दुखावते, हे नंतर कळले. साठी ओलांडलेल्या बाईंनी तीस वर्षांची सवय त्या दिवशी सोडली. बोट दाबून काढल्यावरही लाली जात नसेल, तर त्या जागेवरचा भार पूर्ण काढावा आणि डॉक्टरांना कळवावे. मधोमध भोक असलेली रबरी चकतीही वापरू नये. तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

• भरवणे. पक्षाघाताच्या रुग्णाला आडवे ठेवून काहीही भरवू नये. ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली, लहान चमचा, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. पातळ पाण्याने ठसका लागत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने पदार्थ दाटसर द्यावेत. जेवण झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात अन्न साचले आहे का ते पाहून तोंड स्वच्छ करावे आणि किमान अर्धा तास बसलेलेच ठेवावे.

• लुळा हात ओढू नये. उठवताना काखेत किंवा हाताला धरून ओढल्याने खांदा निखळतो व कायमचा दुखू लागतो. तो हात उशीवर आधार देऊन ठेवावा.

• श्वास मोजणे. निवांत बसलेल्या प्रौढाचे श्वास मिनिटाला साधारण बारा ते वीस असतात. विश्रांतीतही ते चोवीसच्या वर जात असतील, तर वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. मोजत आहोत हे रुग्णाला कळू देऊ नये, नाहीतर तो श्वास बदलतो. नर्सबाई नाडी धरल्याचे दाखवत आणि नजर छातीकडे ठेवत.

• सांगून करणे. बोलता न येणाऱ्या माणसालाही ऐकू येते. “आता डाव्या कुशीला वळवते हं,” असे सांगितल्याशिवाय बाईंनी यजमानांना कधी हात लावला नाही. रुग्ण वस्तू नाही, याची ही रोजची आठवण असते. ती रुग्णाला जितकी हवी, तितकीच आपल्यालाही हवी.

मोजणाऱ्याचे श्वास कोण मोजणार?

आता त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी खरे तर हा लेख लिहायला घेतला.

यजमानांच्या आजारपणाच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीला मुलगी माहेरी आली. रात्री पाणी प्यायला उठली, तेव्हा आई भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोपलेली दिसली. पाठीशी तीन उशा. दुसऱ्या रात्रीही तसेच. पायांवर बोट दाबले तर खळगा पडत होता. मुलीने सकाळी रिक्षा बोलावली आणि आईला जवळजवळ हाताला धरूनच माझ्याकडे आणले. तपासणी झाली, कराडला पाठवून टू-डी एको झाला. हृदयाची रक्त ढकलण्याची शक्ती बरीच कमी झाली होती. आडवे झाल्यावर फुप्फुसांत पाणी भरे, म्हणून त्या बसून झोपत होत्या. हे किमान पाच-सहा महिने चालले होते.

ज्या बाईने आयुष्यभर इतरांचे श्वास मोजले, तिला स्वतःचा दम कळला नसेल का? मी विचारले. त्यांनी खाली मान घालून उत्तर दिले, “कळला होता डॉक्टर. आडवं झाल्यावर दम लागतो म्हणजे काय, हे मी शंभर जणांना सांगितलंय. पण मला दाखल करून घेतलं, तर यांना कोण बघेल? यांचं थोडं सावरू दे, मग माझं बघू, असं म्हणत राहिले.”

हे वाक्य मी माझ्या दवाखान्यात अनेकदा ऐकले आहे. बोलणारी बहुधा स्त्री असते, वय पंचावन्न ते पंचाहत्तर, सोबत फाइल असते ती पतीची, सासूची किंवा नातवाची. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी संपून आठवडा झालेला असतो. शुश्रूषा करणारा माणूस आपले दुखणे लपवतो, कारण आपल्या दुखण्याने घराची घडी विस्कटेल, अशी त्याला भीती असते. आणि घरातले इतर ते पाहत नाहीत, कारण त्याला ‘त्यागमूर्ती’ म्हणून मोकळे झालेले असतात. मूर्तीची तपासणी कोणी करीत नाही.

त्यानंतर त्या घराने जे केले, त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. दाराच्या मागच्या कागदाशेजारी दुसरा कागद लागला. त्यावर आजींचे नाव. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहापूर्वी वजन. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले तर अंगात पाणी साचू लागले असे समजून त्याच दिवशी मला फोन. लोणचे, पापड आणि वरून मीठ बंद. गोळ्या बरे वाटले तरी चालूच. रात्री दहा ते सहा यजमानांची जबाबदारी मुलगा आणि नातू यांच्यात वाटली गेली. महिन्यातून पाच दिवस मुलगी पुण्याहून येई, तेवढे दिवस सून माहेरी जाई किंवा नुसती झोपून राही. नर्सबाईंना पहिले काही आठवडे हे सारे अपराधासारखे वाटले. रात्री उठून त्या नातवाने कूस नीट बदलली का, ते पाहायला येत. नातू म्हणे, “आजी, तुमची ड्यूटी संपली. आता माझी आहे.” ड्यूटी हा शब्द त्यांना समजत असे. त्या परत जाऊन झोपत.

२०१६ साली यजमान शांतपणे गेले. नर्सबाईंना उपचारांनी त्यानंतरही सहा वर्षे लाभली. ती बहुतांशी चांगली होती. २०२० च्या साथीत त्या घराबाहेर पडत नव्हत्या. पण गल्लीतल्या लोकांना फोनवरून श्वास कसे मोजायचे, ते सांगत असत.

अखेरचे दिवस

२०२२ च्या हिवाळ्यात हृदय औषधांना दाद देईनासे झाले. तीन महिन्यांत दोनदा रुग्णालयात राहून आल्यावर त्यांनी मुलगा, मुलगी आणि मला एकत्र बसवले. तिसऱ्यांदा अतिदक्षता विभागात न्यायचे नाही, श्वासाचे यंत्र लावायचे नाही, दम आणि वेदना कमी होतील एवढे पाहायचे. घरीच, खिडकीजवळच्या पलंगावर. ही इच्छा त्यांनी स्वच्छ शब्दांत सांगितली आणि लिहूनही ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा पूर्वलिखित इच्छेला मान्यता दिली आहे आणि २०२३ मध्ये तिची कार्यपद्धती सोपी केली आहे. ज्येष्ठ वाचकांनी हा विषय मुलांशी शुद्धीवर व धडधाकट असतानाच बोलावा. तो बोलल्याने मरण जवळ येत नाही. मुलांच्या डोक्यावरचे ओझे मात्र हलके होते.

शेवटचे दिवस त्या उशांना टेकून होत्या. चेहऱ्यावर हलका वारा येईल असा लहान पंखा. दम लागलेल्या रुग्णाला त्याने खरोखर आराम पडतो. ओठ कोरडे पडले की ओला कापूस. नातू पलंगाशी बसून सवयीने श्वास मोजत असे. “आजी, अठ्ठावीस,” तो म्हणाला. त्यांनी डोळे उघडून सांगितले, “आता मोजायचं थांबव. हात धरून बस.”

त्या वाक्यात शुश्रूषेचे मोठे तत्त्व आहे. आकड्यांवरून काही करता येण्याजोगे असते तोवर आकडे हवेत आणि काटेकोर हवेत. त्यानंतर स्पर्श पुरतो. कधी कोणते, हे ओळखणे म्हणजे कौशल्य. ते त्यांच्याजवळ अखेरपर्यंत होते.

वाचकांना विनंती

तुमच्या घरातही अशी एखादी व्यक्ती असेल. ती परिचारिका नसेल, तिने गणवेश कधी घातला नसेल. पण आजारी सासऱ्यांची, विसरभोळ्या आईची, अंथरुणाला खिळलेल्या पतीची सारी भिस्त तिच्यावर असेल. तिला थोर म्हणण्यापूर्वी काही साध्या गोष्टी करा. ती रात्री किती उशा घेऊन झोपते, ते पहा. तिच्या घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का, ते पहा. जिने चढताना ती मध्येच थांबू लागली आहे का, रात्री खोकला येतो का, ते विचारा. तिची रक्तदाबाची व साखरेची शेवटची तपासणी केव्हा झाली, ते कागदावर शोधा. तिच्या शब्दावर विसंबू नका. आठवड्यातून एक रात्र सलग झोप आणि एक अर्धा दिवस घराबाहेर, एवढे तिच्या हक्काचे ठरवून टाका आणि तिच्या जागी कोण उभे राहणार, त्याचे नाव लिहा. त्या नावांत घरातल्या पुरुषांची आणि मुलांचीही नावे असू द्या.

आणि तुम्ही स्वतःच ती व्यक्ती असाल, तर तुमची फाइल आजच वेगळी काढा. तिच्यावर तुमचे नाव घाला. पुढच्या वेळी रुग्णाला घेऊन डॉक्टरांकडे जाल, तेव्हा ती फाइलही बरोबर न्या आणि रुग्णाचे बोलून झाल्यावर म्हणा, “डॉक्टर, आता माझं.”